वेश बदलता येतो; आसनाचे काय?

धर्मांतरविरोधी कायद्यांची चर्चा सुरू झाली की चर्च देशी की परकी, हा प्रश्न हमखास डोके वर काढतो. मध्य प्रदेशात असा कायदा १९६८ मध्येच झाला आणि २०२१ मध्ये त्याची जागा अधिक कठोर कायद्याने घेतली. मात्र हाच प्रश्न चर्चने स्वतःलाही विचारला होता. मुंबईचे अँग्लिकन बिशप विल्यम लॅश यांचा जीवनप्रवास या संदर्भात पाहण्यासारखा आहे.

१९०५ मध्ये जन्मलेले, केंब्रिजमध्ये शिकलेले लॅश पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या या आश्रमाने खादी, शाकाहार आणि भारतीय उपासनापद्धती स्वीकारली होती. व्हेरियर एल्विन भारतात आले ते याच संघासाठी आणि येथूनच ते गांधीजींकडे ओढले गेले. १९३४ मध्ये संघ दुभंगला. लॅश पुण्यातच राहिले आणि आश्रमाचे आचार्य झाले. १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होत असतानाच, त्यांच्याकडे मुंबईचे बिशपपद आले.

येथेच विसंगती दिसते. अँग्लिकन चर्चला पहिला भारतीय बिशप, अझरय्या, १९१२ मध्येच लाभला होता. तरीही स्वतंत्र भारतातील मुंबईची ही गादी इंग्रजाकडे गेली. १९६१ मध्ये लॅश यांनी ती सोडली, तेव्हा उत्तराधिकारी आले तेही इंग्रजच.

त्याच शहरातील कॅथलिक आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी वेगळा मार्ग निवडला. या इंग्रज जेझुइटाने आश्रमजीवन पत्करले नव्हते. पण भारतीय व्यक्तीला स्थान मिळावे म्हणून ते १९४६ मध्ये मुंबईतून बाजूला झाले आणि १९५० मध्ये पदमुक्त झाले. त्यांच्या जागी गोमंतकीय वंशाचे वालेरियन ग्रासियस आले व १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल झाले.

गोव्यात तर हे स्थित्यंतर अधिकच रेंगाळले. पोर्तुगीज पॅट्रिआर्क जुझे व्हिएरा आल्व्हेर्नाझ यांनी १९६२ मध्ये गोवा सोडला, पण पद सुटले १९७५ मध्ये. राउल गोन्साल्विस आर्चबिशप झाले ते १९७८ मध्ये.

लॅश यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मायदेशी परतल्यावर ते कॉर्नवॉलमधील सेंट क्लेमेंट येथे साधे पॅरिश धर्मगुरू म्हणून राबले. मोठेपणाचा सोस असलेल्या माणसाला हे जमत नाही. दोष व्यक्तीपेक्षा व्यवस्थेचा होता. तिने भारतीय वेश, भाषा, भोजन लवकर आपलेसे केले. निर्णयाचा अधिकार मात्र उशिरा सोपवला.

संस्थेचे देशीपण पोशाखावरून किंवा नावावरून जोखणाऱ्यांनी, मग ते चर्चचे समर्थक असोत वा टीकाकार, हे लक्षात घ्यायला हवे. आसनावर कोण बसतो आणि ते रिकामे करण्याची वेळ त्याला कळते का, ही कसोटी अधिक खरी. ती केवळ चर्चपुरती नाही. आपली देवस्थाने, शिक्षणसंस्था आणि राजकीय पक्ष यांनाही ती तितकीच लागू पडते.