देबा कुणाच्या हातात?

मासे खाणाऱ्यांचा देश म्हणून आपण ज्या जपानकडे बघतो, तिथे मासे खाणं झपाट्याने कमी होतंय. तिथल्या सरकारचेच आकडे आहेत. २००१ साली जपानमध्ये माणशी वर्षाला ४० किलो मासळी लागायची, २०२२ पर्यंत ती २२ किलोवर आली. म्हणजे वीस-एकवीस वर्षांत जवळजवळ निम्मी! २०११ मध्ये तर मांसाने मासळीला मागे टाकलं. या प्रकाराला तिकडे ‘साकाना-बानारे’ म्हणतात, म्हणजे माशापासून दुरावणं. या दुराव्याची एक मुकी साक्षीदार स्वयंपाकघरात आहे. ती म्हणजे ‘देबा’ नावाची सुरी.

देबा खास माशासाठीच. पातं रुंद, पाठ चांगली जाड आणि हाताला वजनदार. सुताराची पटाशी आठवा. तिच्यासारखीच देबाला एकाच बाजूने उतार देऊन धार काढलेली असते. दुसरी बाजू सपाट, मधे किंचित खोलगट. त्यामुळे पातं काट्याला अगदी लगटून सरकतं आणि मांस वाया जात नाही. मुठीजवळच्या जाड भागाने डोकं उडवायचं, टोकाकडच्या भागाने पोट फाडायचं, मग दोन बाजूंचे दोन मांसल तुकडे आणि मधला काटा असे तीन भाग करायचे. एवढं सगळं एकाच सुरीवर!

हिचं माहेर ओसाकाजवळचं साकाई शहर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानात आली. पुढे तंबाखू कापायच्या सुऱ्यांसाठी साकाईचं नाव झालं, आणि राज्यकर्त्यांनी त्या मालाला खास शिक्काही दिला. माशाची सुरी नंतरची. ती पहिल्यांदा घडवणाऱ्या लोहाराचे दात पुढे आलेले होते म्हणून हे नाव पडलं, अशी गंमतशीर दंतकथा सांगतात. मऊ लोखंडाला कडक पोलाद जोडून पातं घडवणारा एक, धार लावणारा दुसरा, मूठ बसवणारा तिसरा, अशी कामाची वाटणी तिथे आजही आहे. १९८२ मध्ये सरकारने साकाईच्या या कामाला पारंपरिक कारागिरीचा दर्जा दिला.

मग घरातली देबा गेली कुठे? दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी घरात मांस आलं, पाश्चात्य पदार्थ आले, आणि त्यांच्यामागून ‘सान्तोकु’ आली. भाजी, मांस, मासा तिन्ही कापणारी, दोन्ही बाजूंनी धार असलेली हलकी सुरी. सुपरमार्केटमध्ये मासा कापून, साफ करून, थाळीत बांधून मिळू लागला. छोट्या फ्लॅटमध्ये खवले उडवायचे कुठे, आतडी टाकायची कुठे आणि वास घालवायचा कसा, हे प्रश्नही होतेच. देबाला दगडावर धार लावावी लागते आणि लगेच पुसून ठेवली नाही तर ती गंजते. एवढा वेळ कुणाकडे आहे?

इथे खरी मेख आहे. ‘हल्लीच्या मुलींना मासा कापता येत नाही’ असा सूर तिकडेही निघतो. मुलांना येतो का, हे फारसं कुणी विचारत नाही. आता वेळेचा हिशेब बघा. जपानमध्ये १९९७ नंतर एकट्या नवऱ्याच्या कमाईवर चालणाऱ्या घरांपेक्षा दोघंही कमावणारी घरं जास्त झाली. पण घरकाम? २०२१ च्या सरकारी पाहणीत, सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरात बायकोचे घरकाम आणि मुलांचं बघण्यात दिवसाचे ७ तास २८ मिनिटं जातात, तर नवऱ्याचे १ तास ५४ मिनिटं. ज्या बाईचे साडेसात तास असे जातात, तिने आणखी अर्धा तास मासा का साफ करत बसावं? ती तयार तुकडे आणते. तो आळस नाही, साधा हिशेब आहे.

आता दुसरी बाजू. हीच देबा उपाहारगृहात गेली की तिची कला होते, आणि ती हातात घेणारा बहुतेक वेळा पुरुष असतो. बाईचे हात गरम असतात, त्यामुळे कच्चा मासा बिघडतो, ही समजूत सुशीच्या धंद्यात वर्षानुवर्षं सांगितली गेली. रात्री उशिरापर्यंत काम करण्यावर बायकांना असलेली कायद्याची बंधनं १९९९ मध्ये उठली. २०१० मध्ये टोकियोच्या अकिहाबारा भागात फक्त बायकांनी चालवलेलं ‘नादेशिको सुशी’ हे दुकान सुरू झालं, तर त्याचीच बातमी झाली. मला तर आपल्या मासळी बाजारातल्या कोळणी आठवल्या. त्यांच्या हाताच्या गरमीने बाजारातला मासा नासल्याचं कुणी ऐकलंय का? पण आपणही काही वेगळे नाही. रोजची चूल बाईची, आणि लग्नाच्या पंगतीचा मानाचा आचारी पुरुष, हे आपण बघतोच की!

२०१३ मध्ये जपानी आहारपरंपरेला युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. येनचा भाव उतरला आणि पर्यटकांची रीघ लागली. २०२४ या एका वर्षात साडेतीन कोटींहून जास्त परदेशी लोक जपानला गेले. टोकियोच्या कप्पाबाशी बाजारात ते हौसेने सुऱ्या विकत घेतात. घरातून उठलेली वस्तू दुकानाच्या काचेमागे चकचकीत होऊन बसली आहे.

मासे खाणं वाढावं म्हणून सरकारही हातपाय हलवतंय. २०१२ मध्ये ‘फास्ट फिश’ नावाने झटपट शिजणाऱ्या मासळीला उत्तेजन दिलं. २०२२ पासून दर महिन्याची ३ ते ७ तारीख ‘माशाचे दिवस’ म्हणून ठरवली. उपाय चांगलेच आहेत. पण मासा साफ करायचा कुणी, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

त्याचं उत्तर मला त्यांच्या शाळेत दिसतं. जपानच्या उच्च माध्यमिक शाळांत गृहविज्ञान पूर्वी फक्त मुलींना सक्तीचं होतं. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा आंतरराष्ट्रीय करार जपानने १९८५ मध्ये मान्य केला, आणि त्यानंतर १९९४ पासून तो विषय मुलगे-मुली दोघांनाही सक्तीचा झाला. त्या वर्गात बसलेली पहिली मुलं आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. तरीही घरातल्या तासांची वाटणी वरच्यासारखीच! म्हणजे पुस्तकात आलं तरी ओट्यापर्यंत यायला वेळ लागतो. घरात कुणी आग्रह धरल्याशिवाय ते येतही नाही.

मैत्रिणींनो, देबा उजव्या हाताची वेगळी आणि डाव्या हाताची वेगळी करावी लागते. बाईची आणि पुरुषाची मात्र एकच असते. आपल्याही घरात मुलीला ‘चिरायला शिक गं’ म्हणताना शेजारी बसलेल्या मुलालाही हाक मारा. जुनं कसब टिकायला हवं असेल तर त्याचं ओझं एकटीच्या खांद्यावर ठेवून कसं चालेल?