माझ्या मराठीला ते 'टेक्श्चर' म्हणाले

डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाची ज्युरी. भिंतीवर माझं पोस्टर, समोर तीन परीक्षक. पोस्टर होतं द्राक्षबागेत विरळणी आणि डिपिंगच्या कामाला जाणाऱ्या बायकांसाठी. फवारणी झाल्यावर काय करायचं आणि काय नाही, एवढाच विषय. माझं गाव तासगाव तालुक्यातलं, त्यामुळे हा विषय मला शोधावा लागला नव्हता. चित्रं मी हाताने काढली होती. मजकूर सगळा मराठीत होता.

पहिले परीक्षक दोन पावलं मागे सरकले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "आय लव्ह द टेक्श्चर ऑफ द स्क्रिप्ट." दुसऱ्या बाईंनी विचारलं, "व्हॉट डझ इट से?" मी इंग्रजीत सांगितलं. तिसऱ्यांनी रंगसंगतीवर पाच मिनिटं बोलून घेतलं. मार्क चांगले मिळाले.

सुट्टीत ते पोस्टर घरी नेलं. आईने ते हातात धरून मोठ्याने वाचलं आणि मधेच थांबली. "अगं, फवारणी झाल्यावर लगेच बागेत जाऊ, असं म्हणतंय हे. मग जायचं का न्हाई?"

शेवटच्या रात्री मी अक्षराचा आकार दोन पॉइंटने वाढवला होता. मजकूर चौकटीत मावला नाही आणि ओळीतला शेवटचा शब्द गायब झाला. तो शब्द होता 'नका'. मी पाहिलं नाही. गाइडने पाहिलं नाही. तीन परीक्षकांनी पाहिलं नाही. जिने पाहिलं ती सातवी शिकलेली बाई आहे, आणि पोस्टर तिच्यासाठीच होतं.

चूक माझी होती, ती मी कुणावर ढकलत नाही. पण चार वर्षं, बापाच्या नावावरचं शैक्षणिक कर्ज आणि डझनभर ज्युरी, या सगळ्यात ती चूक पकडणारी एकही जागा नव्हती, हे मात्र माझं एकटीचं पाप नाही. म्हणून सरळ बोलते. ज्या शिक्षणात तुम्हाला तुमच्या स्वतःच्या लिपीत नीट काम करता येत नाही आणि कुणाला ते खटकतही नाही, ते शिक्षण अर्धवट आहे. फी मात्र पूर्ण घेतात.

पहिल्या वर्षी आम्हाला टायपोग्राफी होती. हेल्व्हेटिका, बोडोनी, गॅरामॉन्ड, सेरिफ, सॅन्स सेरिफ, एक्स-हाइट, असेंडर, डिसेंडर, कर्निंगचे तास. उत्तम शिकवलं, त्याबद्दल तक्रार नाही. देवनागरी आली ती दुसऱ्या वर्षी, एका आठवड्यासाठी, वर्कशॉप म्हणून. बोरू, शाई, सुंदर सुंदर अक्षरं. सगळ्यांनी आपलं नाव लिहिलं, इन्स्टावर टाकलं, आठवडा संपला. म्हणजे रोमन लिपी हे काम आणि देवनागरी हा कार्यक्रम. रोमन पोट भरायला, देवनागरी गणपतीत सजावटीला.

गंमत म्हणजे शाळेत असं नव्हतं. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना आठवत असेल, तिथे भूमितीसोबत अक्षरलेखनही असायचं. आमच्या चित्रकलेच्या सरांनी पट्टी घेऊन शिरोरेषेची जाडी आणि दांड्याची जाडी यांचं प्रमाण समजावलं होतं. आठवीत मला जे माहीत होतं, ते डिग्रीच्या चौथ्या वर्षी मी विसरले होते.

आता कुणी म्हणेल, अक्षर ते अक्षर, तत्त्वं सारखीच. नाहीत. रोमनमध्ये शीर्षक हवेशीर करायला अक्षरांत अंतर टाकतात. देवनागरीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. रोमनमध्ये जोर द्यायला सगळं कॅपिटलमध्ये लिहितात. आपल्याकडे कॅपिटल नाही, मग जोर कशाने द्यायचा, हा खरा डिझाइनचा प्रश्न आहे आणि तो वर्गात कधी विचारलाच गेला नाही. आपली ओळ तीन मजली असते: वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, मधे अक्षर, खाली उकार. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळींच्या अंतरात मराठी ओतली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतला फरक न दाखवता येणारे फॉन्ट अजून वापरात आहेत. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात, आणि चांगल्या फॉन्टमध्ये ती मिळतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

त्याहून साधी गोष्ट सांगते. इनडिझाइनमध्ये मराठी नीट दिसायला वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो. तो नसला तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात आणि 'द्राक्ष'चं 'द्‌राक्‌ष' होतं. दोन क्लिकचं काम आहे. चार वर्षांत कुणी सांगितलं नाही, कारण कुणाला लागलंच नाही. आमच्या वर्गातल्या बहुतेक लेआउटमध्ये मजकूर असायचा लोरेम इप्सम. सिसेरोच्या लॅटिन ग्रंथाची मोडतोड करून बनवलेला, अर्थ लागू नये म्हणूनच वापरला जाणारा मजकूर. लॅटिन न येणारी मुलं, लॅटिन न येणारे शिक्षक, आणि चार वर्षं समोर लॅटिन. 'वाचू नका, फक्त बघा' ही सवय अशी हाडात मुरते. मग खरा मजकूर आला तरी आपण तो बघतो, वाचत नाही. माझा 'नका' असाच गेला.

इलस्ट्रेशनचंही तेच. पहिल्या सहामाहीत आम्ही भाजी मंडई आणि एसटी स्टँडवर जाऊन स्केचिंग केलं. तिसऱ्या वर्षापर्यंत सगळ्यांच्या आयपॅडवर एकच खोली तयार झाली: खिडकी, मांजर, कॉफीचा मग, कुंडीतलं मॉन्स्टेरा, बाहेर पाऊस. माझ्या घरात मांजर आहे, पण ते खिडकीत बसत नाही, धान्याच्या कणगीवर झोपतं. मी ते कधी काढलं नाही, कारण पोर्टफोलिओत ते 'शोभलं' नसतं. दीनानाथ दलालांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं काढली तेव्हा ती घराघरात पोचली. वसंत सरवटे पेशाने इंजिनिअर होते, पण त्यांच्या रेषेतली माणसं आपल्या चाळीतली, आपल्या हापिसातली वाटतात. ही नावं मला कॉलेजात ऐकायला मिळाली नाहीत. युरोपातल्या पोस्टर चळवळींवर मात्र मी पंधरा मार्कांचं उत्तर आजही लिहू शकेन.

आणि परंपरा नव्हती असं तरी कुठे आहे? मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून आहे. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी एकोणिसाव्या शतकात देवनागरीचे असे टाइप पाडून घेतले की त्यांची पुस्तकं आजही डोळ्यांना सुख देतात. र. कृ. जोशी जे. जे.त शिकले, जाहिरातीत काम केलं, आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवलं, आणि विंडोजवर वर्षानुवर्षं आपण ज्यात मराठी वाचली तो मंगल फॉन्ट घडवला. कमल शेडग्यांनी शेकडो मराठी नाटकांची शीर्षकं अशी लिहिली की अक्षरावरून नाटकाची जात कळावी. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता फुकट उतरवून घेता येतो. माणसं होती, आहेत. अभ्यासक्रमात ती 'वारसा' नावाच्या एका तासात कोंबली जातात, एवढंच.

यावरची उत्तरं मला पाठ आहेत. पहिलं: नोकऱ्या इंग्रजीत आहेत. अर्धं खरं आहे. माझी पहिली इंटर्नशिप पुण्यातल्या एका स्टुडिओत होती आणि पहिलं काम होतं एका बुरशीनाशकाचं पत्रक. इंग्रजी आवृत्ती दीड महिना चालली. मराठीला एक दुपार मिळाली. इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत मराठी मावेना, तेव्हा मला सांगितलं, "साइज कमी कर, अंतर दाब." मी पाच पॉइंटपर्यंत दाबलं. पुढे तेच पत्रक मी आप्पांना दाखवलं. त्यांनी ते हातभर लांब धरलं, मग जवळ आणलं, मग घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाले, "दुकानदार सांगतो तेवढं टाकतो आम्ही. हे कोण वाचतंय?"

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती. दोष अक्षरांचा होता असं मी म्हणणार नाही. पण औषधाच्या डब्यासोबतचा कागद वाचता येणं ही चैनीची गोष्ट नाही, एवढं तरी त्यानंतर आपल्या धंद्याला कळायला हवं होतं. तेव्हा नोकऱ्या इंग्रजीत असतील. ते काम ज्यांच्या हातात पडतं ती माणसं मराठीत वाचतात.

दुसरं उत्तर: वर्गात सगळ्या राज्यांतली मुलं असतात, मराठीच का? मीही मराठीच म्हणत नाही. तमिळ मुलीने तमिळमध्ये करावं, बंगाली मुलाने बांगलात. माझी मागणी 'तुझी लिपी' ही आहे. मला तर आवडेल शेजारच्या बाकावरच्या मुलीकडून तमिळ अक्षराची वळणं शिकायला. आज आम्ही दोघी मिळून हेल्व्हेटिकावर भांडतो.

तिसरं उत्तर सर्वात लाडकं: हा अस्मितेचा मुद्दा झाला. उलट आहे. अस्मितावाल्यांनी या विषयाला कधी हातच लावला नाही. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि ते अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईतल्या व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. पाट्या बदलल्या. जाऊन बघा. इंग्रजी नाव कंपनीच्या घडवलेल्या अक्षरात, आणि शेजारी मराठी नाव कॉम्प्युटरवर पहिला सापडला त्या फॉन्टमध्ये, ताणून त्याच उंचीचं केलेलं. अक्षराची उंची मोजायला माणूस आहे, अक्षर बघायला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या आनंदाच्या फ्लेक्सवर जोडाक्षरं फुटलेली मी स्वतः पाहिली. ती फोडणाऱ्या ऑपरेटरला मी हसणार नाही. त्याला कुणी शिकवलं नाही. मला तर कर्ज काढूनही शिकवलं नाही.

मग करायचं काय? खर्चिक असं काहीच नाही. पहिल्या वर्षाच्या टायपोग्राफीचा अर्धा भाग आपापल्या लिपीत असू द्या, वर्कशॉप म्हणून नव्हे, मार्कांचा. लोरेम इप्सम बंद करा. मजकूर विद्यार्थ्याने स्वतः लिहावा किंवा खऱ्या माणसाकडून आणावा. दरवर्षी एक तरी काम तालुक्याच्या गावातून यावं: एसटीचं वेळापत्रक, रेशन दुकानाचा फलक, सरकारी दवाखान्यातली बाळाच्या लसींची यादी. स्टारबक्सचा लोगो पुन्हा एकदा करून स्टारबक्सला फरक पडत नाही.

आणि जे आत्ता शिकताय त्यांना: कॉलेजची वाट बघू नका. हे तुम्ही फोनवर वाचताय. थोडं झूम करा. या ओळीतला 'ल' कुठल्या वळणाचा आहे? 'ऱ्या' नीट बसलाय का? उकार खालच्या ओळीला टेकतोय का? एवढं बघायला फी लागत नाही. मग आपलं शेवटचं सबमिशन उघडा आणि ते मोठ्याने वाचा. अडखळलात, तर तिथे काम बाकी आहे.

माझं पोस्टर मी पुन्हा छापलं. आता 'नका' सगळ्यात मोठा आहे आणि एकटाच एका ओळीत आहे. रचना पहिल्यापेक्षा ओबडधोबड झाली आहे. ज्युरीत कदाचित दोन मार्क कमी पडले असते. ते शेजारच्या बागेतल्या शेडमध्ये चिकटवलंय, डब्यांच्या वर.

कॉलेजांना शेवटची विनंती एकच. पुढच्या ज्युरीला तीन खुर्च्यांशेजारी चौथी ठेवा आणि ज्याच्यासाठी काम केलंय असा एक वाचणारा माणूस तिथे बसवा. मानधन नको, एसटीचं भाडं द्या. कुणी सापडलं नाही तर माझी आई येईल.