मध्यम गुण आणि पसंतीक्रमाचा अर्ज

'नीट'चा निकाल लागला की अमरावती-अकोल्याच्या चौकाचौकांत शिकवणी वर्गांचे फलक झळकतात. त्या फलकांवरील मुलांची काळजी करण्याचे कारण नाही. मला बोलायचे आहे ते पात्र ठरलेल्या, पण फलकावर न आलेल्या मध्यम गुणांच्या मुलांविषयी. कारण अर्ज भरताना फसतात ती हीच मुले, आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे पालक.

"मागच्या वर्षी इतक्या गुणांना अकोला मिळालं होतं," हे वाक्य दरवर्षी माझ्या कानी येते. त्यावर विसंबू नये. 2024 साली पहिल्या मुलांना 720 पैकी 720 होते आणि खुल्या गटाची पात्रतारेषा 162 होती. 2025 साली पेपर अवघड निघाला, पहिला मुलगा 686 वर थांबला आणि रेषा 144 वर आली. म्हणून गुण बाजूला ठेवून राज्याच्या गुणवत्ता यादीतला आपला क्रमांक पाहावा आणि त्याची तुलना मागच्या वर्षीच्या क्रमांकांशी करावी.

दुसरी गोष्ट हिशेब बदलल्याची. पूर्वी विदर्भातल्या जागांपैकी 70 टक्के विदर्भाच्याच मुलांना राखीव असत. सप्टेंबर 2020 मध्ये ती पद्धत गेली. आता अकोल्याच्या जागेवर लातूरच्या मुलाचाही तितकाच हक्क आहे. यात वऱ्हाडाचे नुकसान झाले, असे माझे मत आहे. पण मग आपल्या मुलानेही जालना, हिंगोली अर्जात का लिहू नये? आपली यादी मात्र अजून बडनेऱ्यापलीकडे जायला तयार नसते!

जागा वाढल्या आहेत, हेही खरे. यवतमाळचे शासकीय महाविद्यालय 1989 चे, अकोल्याचे 2002 चे. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यात एकदम दहा महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत अमरावती, बुलढाणा आणि वाशीम आहेत. म्हणजे वऱ्हाडच्या पाचही जिल्ह्यांत आज शासकीय महाविद्यालय आहे. "नवीन आहे, शिकवणार कोण?" ही शंका रास्तच. ती फाटकावरून मिटत नाही. आत जावे, कोणत्या विभागात प्राध्यापक आहेत ते विचारावे, बाह्यरुग्ण विभागातली सकाळची रांग पाहावी. डॉक्टर घडतो तो त्या रांगेत. चकचकीत इमारत आणि रिकाम्या खाटा असतील, तर मी ते नाव खालीच लिहीन.

आता प्रत्यक्ष अर्ज. जागावाटप गुणवत्ता क्रमाने होते, त्यामुळे अवघड वाटणारे महाविद्यालय वर लिहिल्याने खालची जागा हातची जात नाही. हवे ते आधी, चालेल ते नंतर. नको असलेले नाव केवळ रकाना भरायचा म्हणून लिहू नये. नेमके तेच पदरात पडते.

खासगीचा विचार करणाऱ्यांनी एक तपासावे. आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास गटांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना 2024 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ आहे. अभिमत विद्यापीठे आणि व्यवस्थापन कोटा त्यात येत नाहीत.

परदेशाचे दलाल तर गावोगाव फिरतात. वावर विकून मुलाला पाठवणाऱ्यांना ते सांगत नाहीत की, परतल्यावर 300 पैकी 150 गुणांची आणखी एक परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय येथे परवाना मिळत नाही. 2022 साली युक्रेनमधून अर्ध्यावर परतलेली मुले आठवावीत. त्यापेक्षा एक वर्ष पुन्हा बसणे स्वस्त. पण मुलाची तयारी असेल तरच. बापाची हौस म्हणून नव्हे.

आणि जात वैधता प्रमाणपत्र निकालानंतर काढू, असे म्हणणाऱ्यांनी समितीच्या कार्यालयासमोरची जुलैतली गर्दी एकदा पाहून यावी.