संकेतस्थळाआधीची खतावणी

आपल्या घरांतील मुले आता गादीवर बसण्याआधी संगणकासमोर बसू लागली आहेत, आणि त्यात वावगे काही नाही. धाराशिव जिल्ह्यातील एका व्यापारी घरातला तरुण मध्यंतरी माझ्याकडे सल्ल्यासाठी आला. बीसीए झालेला, नोकरीच्या मागे न लागता स्वतंत्रपणे कामे घेऊ लागलेला. आजवर त्याने दोन संकेतस्थळे केली होती; दुकानाचे छायाचित्र, पत्ता, दूरध्वनी, एवढीच. आता एका आडत व्यापाऱ्याने त्याच्यापुढे निराळेच काम ठेवले होते. शेतकऱ्याला मोबाइलवर आपली हिशोबपट्टी, उचल आणि शिल्लक दिसावी, आणि मालकाला संध्याकाळी येणे-देणे कळावे. म्हणजे पाठीमागे डेटाबेस आला. मोबदला चांगला होता. ‘काका, घेऊ की नको?’ एवढाच त्याचा प्रश्न. वडिलांचे मत ‘नको’ असे होते, कारण तो व्यापारी त्यांच्या जुन्या देवघेवीतला. काम फसले तर मुलाचे नाव जाईल आणि दोन घरांचा संबंधही.

वडिलांची भीती रास्त आहे. छायाचित्र चुकले तर दुसऱ्या दिवशी बदलता येते. शेतकऱ्याच्या नावावर चुकीची उचल दिसली तर पेढीची पत जाते. तरीही मी त्याला काम घेण्यास सांगितले, मात्र संगणक बाजूला ठेवून आठ दिवस त्या दुकानाच्या मुनीमजींजवळ बसण्याच्या अटीवर.

याचे कारण सांगतो. 1970 मध्ये आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांच्या रूपाने मांडण्याची कल्पना पुढे आणली. आजचे बहुसंख्य व्यापारी डेटाबेस तिच्यावरच उभे आहेत. तिचे सार असे की, एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी आणि इतरत्र तिचा केवळ क्रमांक द्यावा. आपल्या वाचकांना हे नवे वाटू नये. रोजमेळातील नोंदीपुढे खतावणीचे पान लिहिण्याची रीत याच जातीची आहे.

या नियमाची किंमत आपल्या जिल्ह्याला नुकतीच कळली. 2023 मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. ज्याने प्रत्येक ग्राहकाच्या पत्त्यात जिल्ह्याचे नाव अक्षरांनी लिहून ठेवले होते, त्याला हजारो नोंदी बदलाव्या लागणार. त्यातही कोणी ‘धाराशिव’ लिहिणार, कोणी ‘धाराशीव’, आणि जुने उस्मानाबादही कुठेतरी मागे राहणार. ज्याने जिल्ह्यांचा वेगळा तक्ता करून बाकी सर्वत्र क्रमांक दिला, त्याचे काम एका ओळीत संपले. 1982 मध्ये लातूर जिल्हा आपल्यातून वेगळा झाला, तेव्हा हीच बाब कागदावर करावी लागली होती. नावे आणि सीमा बदलतात, हे गृहीत धरूनच तक्ते आखावेत.

माणसांच्या नावांचा प्रश्न तर याहून बिकट. एकाच गावात त्याच नावाचे, त्याच आडनावाचे दोन शेतकरी असतात. मुनीमजी त्यांना ‘मळ्यातले’ आणि ‘वेशीजवळचे’ म्हणून ओळखतात. संगणकाला ती ओळख नाही. तरुणाचा बेत मोबाइल क्रमांकावरून खाते ओळखण्याचा होता. पण तिघा भावांच्या घरात एकच मोबाइल असतो, आणि क्रमांक बदलला की खाते निराधार होते. तेव्हा प्रत्येकाला पेढीचा स्वतंत्र खातेक्रमांक हवा. हे त्याला कोणत्याही वर्गात सांगितले गेले नव्हते. मुनीमजींनी चहा पिता पिता सांगितले.

पैशाबाबत एक तांत्रिक गोष्ट. संगणकाची द्विमान पद्धत 0.10 हा आकडा तंतोतंत लिहू शकत नाही. साध्या दशांश रीतीने बेरजा केल्या तर कधीतरी एका पैशाचा फरक येतो. एका पैशासाठी रात्री आठपर्यंत शाखेत बसलेल्या माणसाला याचे गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही. रकमा पैशांत, पूर्णांकी ठेवाव्यात. आणि चुकीची नोंद खोडू नये. वहीत करतो तशी उलटी नोंद करावी, म्हणजे काय घडले ते मागाहून दिसते.

1984 च्या डॉ. रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. तेव्हा हाताचे लेजर लगेच बंद झाले नाही. दोन्हींच्या शिल्लका रोज ताडून पाहिल्या जात. कंटाळवाणे काम होते, पण विश्वास त्यातूनच बसला. येथेही निदान तीन महिने वही आणि संकेतस्थळ सोबत चालावेत, आणि शेतकऱ्याला मोबाइलवरचे आकडे त्यानंतरच दाखवावेत, असे मी सुचविले.

करार मात्र लेखीच हवा, व्यापारी घरचा असला तरी. टप्पे, प्रत्येक टप्प्याची रक्कम, रोजची प्रत कोणी जपायची, हे त्यात यावे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकर नसलेल्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमची मालकी, उलट काही ठरले नसेल तर, सामान्यतः लिहिणाऱ्याकडेच राहते. आपल्याकडे ‘पैसे दिले म्हणजे माल आपला’ अशी समजूत आहे, आणि वाद तेथेच उभे राहतात.

त्याने काम घेतले आहे. व्यापाऱ्याला सारे काही लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर सुरू हवे होते. पण नेमक्या त्याच दिवसांत सोयाबीनची आवक जोरात असते आणि मुनीमजींना मान वर करायला वेळ नसतो. अखेर असे ठरले की, लक्ष्मीपूजनाला केवळ शेतकऱ्यांची खातेयादी पूजेत ठेवायची, हिशोबपट्टी आवक ओसरल्यावर घ्यायची. वडिलांनी त्या करारावर साक्षीदार म्हणून सही केली.