मुदत संपलेला नियम

बँकेतली नोकरी सुटली, तरी कागद तपासायची खोड काही सुटत नाही. त्यामुळे २०२२च्या फेब्रुवारीत ताईला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी घेऊन गेलो, तेव्हा त्या खासगी रुग्णालयातल्या खिडकीवर मिळालेली यादी मी नीट वाचली. रक्त, साखर, ईसीजी आणि शेवटी करोनाची आरटी-पीसीआर चाचणी.

ताईला ना ताप होता, ना खोकला. जानेवारीत घरातले सगळेच चार दिवस अंथरुणाला खिळले होते, तेवढेच. चाचणी केली आणि अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला. माणूस बरा झाल्यावरही विषाणूचे अवशेष या चाचणीत काही आठवडे सापडू शकतात, हे डॉक्टरही मान्य करत होते. ‘‘पण काका, आमच्याकडे नियमच आहे,’’ ते म्हणाले. शस्त्रक्रिया पुढे गेली.

आता, या चाचणीची टिंगल करणाऱ्यांतला मी नव्हे. २०२०च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये २४ देशांतल्या ११२८ रुग्णांचा अभ्यास आला होता. शस्त्रक्रियेच्या आगेमागे करोना झालेल्या या रुग्णांपैकी शेकडा जवळजवळ २४ जण महिन्याभरात दगावले होते. लस नव्हती. शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका आणि वॉर्डबॉय जीव मुठीत धरून काम करत होते. त्या दिवसांत चाचणीचा आग्रह धरणे हे शहाणपणच होते. खासगी प्रयोगशाळेत तिला साडेचार हजार रुपयांपर्यंत पडत, तेही कोणाला जड वाटू नयेत, अशी ती वेळ होती.

पण वेळ बदलली. १६ जानेवारी २०२१ला लसीकरण सुरू झाले. पुढे १० जानेवारी २०२२ला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेच सांगितले, की लक्षणे नसतील तर शस्त्रक्रियेपूर्वी किंवा बाळंतपणापूर्वी, खास कारण असल्याशिवाय, चाचणी करू नये. म्हणजे ताई खिडकीशी उभी राहिली, तेव्हा हा सल्ला येऊन महिना होत आला होता. नियमामागचे कारण निघून गेले, नियम मात्र खिडकीत बसून राहिला.

‘चाचणीने बिघडते काय?’ असे विचारणारे भेटतात. ताईचा एक डोळा पूर्वीच गेलेला. उरलेल्या डोळ्यावर मोतीबिंदू. मार्चमध्ये ओट्यावरून उतरताना तिला पायरी दिसली नाही आणि मनगट मोडले. मोलमजुरी करणाऱ्याचा अशा चाचणीपायी दिवस बुडतो, तो वेगळाच. शिवाय अहवाल ‘निगेटिव्ह’ आला, तरी नमुना दिल्यानंतर लागण होणारच नाही, याची हमी कोणती प्रयोगशाळा देते?

डॉक्टरांवर रागावण्याचा अधिकार मात्र मला नाही. १९९१ साली एका खेड्यातल्या शाखेत असताना, छोट्या कर्जासाठी आलेल्या शेतकऱ्याला एका दाखल्यासाठी मी दोनदा परत पाठवले होते. तो दाखला आता नको, असे मुख्य कार्यालयाचे परिपत्रक माझ्याच टेबलावरच्या ट्रेमध्ये महिनाभर पडून होते. बिचारा दोन वेळा एसटीचे भाडे भरून आला आणि तिसऱ्यांदा आलाच नाही. नियम पाळला की आपली मान सुटते, हे आम्हां खिडकीआडच्या लोकांना फार लवकर कळते. तो कोणासाठी केला होता, हे तितक्या लवकर आठवत नाही.

ताप-खोकला असेल, प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णांचा कक्ष असेल, गावात साथ उसळली असेल, तर चाचणी जरूर करावी. माझे म्हणणे एवढेच, की मुदत ठेवीच्या पावतीवर जशी तारीख असते, तशी संकटात केलेल्या प्रत्येक नियमावरही असावी. त्या दिवशी जबाबदार माणसाने तो पुन्हा तपासावा आणि चालू ठेवायचा असेल तर कारण लिहून सही करावी. साथी पुन्हा येतील, नियमही येतील. ते जायचे कधी, हे आधी ठरवलेले बरे.

ताईची शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये झाली. पट्टी सुटल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘‘अरे, किती म्हातारा झालास तू!’’ आम्ही दोघेही हसलो. तिचा हात अजून प्लॅस्टरमध्ये होता.