क्लेम करू की नको?

गाडीला पोचा आला की आपल्याकडे दोन प्रकारचे लोक बघायला मिळतात. एक, "एवढा प्रीमियम भरतो, वसूल नको का व्हायला?" वाले. दुसरे, "बोनस जाईल रे!" म्हणत काहीही झालं तरी कंपनीला पत्ता लागू न देणारे. माझ्या मते दोघांचंही चुकतं, आणि दुसऱ्यांचं चुकणं जास्त महागात पडू शकतं.

आधी पहिल्यांचा हिशोब बघू. परवा वाकडच्या सिग्नलला एका रिक्षाने माझ्या गाडीला मागून ठोकलं. रिक्षावाल्याने हात जोडले, मागे शंभर हॉर्न, विषय संपला. गॅरेजचं एस्टिमेट साडेनऊ हजार. त्यात सहा हजारांचा बंपर, बाकी रंग नि मजुरी. "साहेब, तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो." का नाही बघणार? त्याला पैसे कोणाकडूनही मिळाले तरी सारखेच.

माझ्याकडे 'झीरो डेप' आहे, म्हणजे प्लास्टिकवर ५०% घसारा कापला जात नाही. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १००० रुपये आपल्या खिशातून. म्हणजे कंपनी देणार साडेआठ हजार. (झीरो डेप नसता तर बंपरचे अर्धे गेले असते आणि हातात जेमतेम साडेपाच हजार पडले असते.)

आता दुसरी बाजू. क्लेम न करता गेलेल्या वर्षांचा बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो, आणि तो फक्त 'ओन डॅमेज'च्या प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीच्या नाही. एक क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला शून्य. माझा सध्या ३५% आहे. बहुतेक लोक फक्त पुढच्या एका वर्षाचा फरक बघतात, आणि इथेच घोळ होतो. शून्यावरून परत वर चढायलाही वर्षं लागतात ना! एक्सेलमध्ये मांडलं (सवय, दुसरं काय). क्लेम केला तर ०, २०, २५, ३५, ४५. नाही केला तर ४५ आणि मग दरवर्षी ५०. फरकांची बेरीज: ४५, ३०, २५, १५, ५, म्हणजे १२०%. माझा बोनसआधीचा ओडी प्रीमियम नऊ हजार. गाडी जुनी होईल तसा तो उतरेल हे धरलं, तरी साडेआठ हजारांसाठी जवळजवळ तेवढेच घालवायचे, वर सर्व्हेअरची वाट बघायची. दिले खिशातून.

गंमत म्हणजे नव्याकोऱ्या गाडीला पहिल्याच वर्षी हेच झालं, तर तीच बेरीज फक्त ५०% येते. तिथे मी डोळे मिटून क्लेम केला असता. तेव्हा "छोट्या कामाला क्लेम करू नये" हा सरसकट सल्लाही तसा अर्धवटच. (एनसीबी प्रोटेक्ट घेतलेल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.)

आणि हो, "दारावरचा जुना ओरखडापण यातच टाकू" असं गॅरेजवाला हळूच सुचवतो. ते खोटं सांगणं आहे, बाकी काही नाही.

आता दुसरे लोक. माझ्या एका मित्राच्या गाडीचा बाणेरला स्कूटीवरच्या मुलीला धक्का लागला. ती पडली, कोपर सोललं, "काही नाही काका, ठीक आहे" म्हणून निघून गेली. (काका म्हटल्याचं दुःख वेगळंच!) याचा बोनस ५०%, म्हणून चिडीचूप. मला म्हणाला, "तुझं ते एक्सेल पाठव."

म्हटलं, बाबा रे, इथे एक्सेल चालत नाही. माणसाला लागलं किंवा दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान झालं की मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ लागू होतं. जखमीला उपचार मिळतील असं बघायचं, पोलीस हजर नसतील तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात सांगायचं, आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. कळवणं म्हणजे स्वतःच्या बंपरचे पैसे मागणं नव्हे. कॉल सेंटरने क्लेम नंबर पाडलाच, तर पैसे न घेता तो बंद केल्याचं ईमेलवर मागून घ्यायचं. पेंडिंग राहिला तर रिन्यूअलला आडवा येतो.

कोपर आज ठीक आहे, उद्या सूज येऊन एक्स-रेत फ्रॅक्चर निघालं तर? घरच्यांनी नंबर प्लेट लिहून घेतली असेल तर? मग मामला ट्रिब्यूनलमध्ये जातो, आणि कंपनी पहिला प्रश्न विचारते, आम्हाला का नाही कळवलं? आपण थर्ड पार्टी विमा काढतो तो नेमका याच दिवसासाठी. बोनसच्या चार हजारांसाठी तोच अडचणीत आणायचा? शिवाय ती मुलगी कोणाची तरी आहे, तिच्या औषधपाण्याचं काय, हे तर त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मित्राने "बघतो" म्हटलंय. अपघात गुरुवारी संध्याकाळी झाला, आज शनिवार, म्हणजे २४ तास कधीच उलटून गेलेत. दुपारी त्याला स्कूटरवर मागे बसवून चौकीत नेतोय.