कामाआधी पैसे मागणारा मालक नव्हे

मुरूड, श्रीवर्धन, अलिबागच्या बौद्धवाड्यांतली शिकलेली मुलंमुली मोबाईलवर 'घरबसल्या काम' शोधतात, म्हणून त्यांना आळशी म्हणणाऱ्यांशी आमचं भांडण आहे. मुंबईत खोली परवडत नाही, मुलींना पाठवायला घर तयार नसतं. मग त्यांनी शोधायचं कुठं?

लुटारूंनी नेमकी हीच अडचण हेरली. आधी नोंदणी शुल्क, मग टायपिंग. शेवटी 'चुका जास्त' म्हणून मोबदला नाहीच, वर खोटी वकिली नोटीस. टेलिग्रामवर व्हिडिओ लाईक करायचे थोडे पैसे देतात, नंतर हजारो भरायला लावतात. सर्वांत घातक म्हणजे बँक खातं 'भाड्याने' मागणं. चोरीचा पैसा त्यातून फिरला की पोलीस खातेदाराच्या दारात उभे राहतात.

राबणाऱ्याकडूनच वसुली ही इथली जुनी रीत. तिच्याविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. आता खोत मोबाईलमध्ये बसलाय, एवढंच.

खरं काम मिळतं, पण सावकाश. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर नोंदणी मोफत आहे. जाहिरात कुठेही दिसो, अर्ज कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करा; नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत तपासा. मुलाखतीशिवाय नेमणूक म्हटलं की थांबा. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा.

आणि विहार समित्यांना आमची मागणी: यंदाच्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा खर्च कापा. विहारात एक कॉम्प्युटर, इंटरनेट आणि अर्ज तपासून देणारा एक जाणकार कार्यकर्ता बसवा.